आईला बाबांची चाहूल लागते, भावाला ते पटत नाही

पत्र:

"बाबा जाऊन आठ महिने झाले. आई सांगते, रात्री त्यांचा खोकला ऐकू येतो, पहाटे पलंगाच्या कडेला कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. ते गेले त्याच आठवड्यात त्यांचं मनगटी घड्याळ बंद पडलं, हेही ती येईल त्याला सांगते. धाकटा भाऊ इंजिनिअर आहे. तो चिडतो. 'मेंदूचे खेळ आहेत, नाहीतर इन्फ्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज असेल,' म्हणतो आणि तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला निघालाय. त्यात आईला आता एक बाई भेटल्यात. गेलेल्या माणसांशी त्या बोलणं करून देतात म्हणे. मला स्वतःला भूतबित पटत नाही. पण गेल्या महिन्यात आईच्या खोलीत झोपले होते, पहाटे जाग आली तर अंग हलेना आणि दाराशी कुणीतरी उभं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. एकाच घरातली आम्ही माणसं, मग एकाला हे खरं वाटतं आणि दुसऱ्याला अजिबात नाही, असं का? आणि मी कुणाची बाजू घेऊ?"
– दोघांच्या मधली

उत्तर:

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता, घाईघाईनं लिहून टाकली आहे: दाराशी कुणीतरी उभं होतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते. आई, भाऊ आणि त्या बाई जरा थांबतील.

झोपेचा रेम नावाचा एक टप्पा असतो. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः त्यात पडतात. स्वप्नात आपण धावतो, झटापट करतो. ते सगळं अंथरुणात खरोखर घडू नये म्हणून मेंदू तेवढ्या वेळापुरते हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो. क्वचित असं होतं, की जाग आधी येते आणि स्नायू मागाहून ताब्यात येतात. डोळे उघडे असतात, खोली दिसत असते, पण बोटही हलत नाही आणि स्वप्नाचा उरलेला तुकडा त्या खऱ्या खोलीतच चालू राहतो. मनासारखा खोल श्वास घेता येत नाही, त्यामुळे छातीवर ओझं आल्यासारखं वाटतं. खोलीत आपल्याशिवाय कुणीतरी आहे ही जाणीव त्यात अगदी नेहमीची. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. काही सेकंद, फार तर काही मिनिटं, आणि मग ते आपोआप सुटतं. निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तर शंभरातल्या सात-आठ जणांना हा अनुभव आयुष्यात एकदा तरी आलेला असतो. अपुरी झोप, ताण, उताणं झोपणं यांनी त्याची शक्यता वाढते. तुम्ही दुसऱ्याच पलंगावर होतात, आठ महिन्यांचं दुःख सोबत होतं, आणि बहुधा झोपण्याआधी आईच्या तोंडून खोकल्याची हकिगत ऐकली होती. आणखी काय हवं?

हेन्री फ्यूजेलीनं १७८१ मध्ये काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात उताणी पडलेली तरुणी आणि तिच्या छातीवर बसलेलं एक ध्यान आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधले लोक सांगत की रात्री एक म्हातारी येऊन छातीवर बसते. अलीकडच्या काळात अमेरिकेत काहींनी हाच प्रसंग परग्रहावरून आलेल्यांच्या नावावर मांडला आहे. जे घडतं ते सगळीकडे जवळपास तेच. कोण आलं होतं, हे मात्र ज्याच्या त्याच्या डोक्यात आधीपासून असलेल्या मंडळींवर ठरतं.

आता विचार करा. हाच प्रसंग तुमच्या आईवर आला असता तर ती सकाळी म्हणाली असती, "हे आले होते." भावावर आला असता तर नाश्त्याच्या आत त्यानं मोबाईलवर रेम झोपेचा लेख काढून तुम्हाला पाठवला असता. तुम्ही गप्प बसलात. तुमच्या "असं का" या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग इथेच आहे. अनुभव ही एक गोष्ट आणि त्याचा लावलेला अर्थ ही दुसरी. तुमच्या घरात भांडण अर्थावरून चाललं आहे, पण भाऊ बोलताना अनुभवच नाकारतो. मग आईला वाटतं, हा मला खोटी ठरवतोय. ती आणखी ठासून सांगते, तो आणखी चिडतो.

मी स्वतः संशय घेणाऱ्यांतली आहे, हे लपवत नाही. तरीही तुमच्या आईच्या बाबतीत तुमच्या भावाचं चुकतंय. डेवी रीस नावाच्या डॉक्टरनं वेल्समध्ये २९३ विधवा-विधुरांना भेटून विचारपूस केली होती. तो अभ्यास १९७१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवलं होतं. बहुतेकांना नुसतीच तो जवळ असल्याची जाणीव होत असे. काहींना तो दिसला होता, काहींनी आवाज ऐकला होता, थोड्यांना स्पर्श जाणवला होता. कित्येकांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं चालू होतं. बहुसंख्य म्हणाले की त्याचा आधार वाटतो. आणि त्यांतल्या बहुतेकांनी हे तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे तुमच्या आईचं वेगळेपण असलंच तर इतकंच, की ती बोलते. हे वेड नाही. ज्या माणसाच्या खोकल्यावरून तो कुठल्या खोलीत आहे हे इतकी वर्षं कळत होतं, तो खोकला मेंदू आठ महिन्यांत कसा विसरेल? रात्रीच्या शांततेत एखादा आवाज झाला की तो आधी ओळखीच्या आवाजाशी जुळवून पाहतो.

डॉक्टरकडे न्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. भरदिवसा माणसं किंवा प्राणी दिसू लागले, वेळेचा, जागेचा गोंधळ व्हायला लागला, आवाज तिला काही करायला सांगू लागले, तिनं जेवणखाण सोडलं, किंवा या अनुभवांची तिला भीती वाटू लागली, तर उशीर करू नका. नजर फार अधू झाली असेल तर डोळेही तपासा. दृष्टी जाऊ लागलेल्या शहाण्यासुरत्या माणसांना नसलेली दृश्यं दिसतात, हे शार्ल बॉने या स्विस निसर्गशास्त्रज्ञानं आपल्या आजोबांवरून १७६० मध्येच लिहून ठेवलं आहे. पत्रात यातलं काही मला दिसलं नाही.

घड्याळाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला राहवत नाही. ते सेलवरचं होतं की हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरली जाणारं? आपोआप चावी भरणारं असेल तर मनगटावरून उतरल्यावर ते साधारण दीड-दोन दिवसांत थांबणारच. (हे भावाला आत्ता सांगू नका. तो आईसमोर घड्याळ उघडून बसेल.) सेलवरचं असेल तर सेल कधी ना कधी संपतोच, आणि तो त्या आठवड्यात संपला. योगायोग आपल्याला फार अशक्य वाटतात, कारण आपण फक्त जुळलेले मोजतो. त्याच आठवड्यात घरातल्या किती वस्तू मुकाट चालू राहिल्या, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. एका माणसाच्या बाबतीत दिवसाला दहा लाखांत एकदा घडेल अशी गोष्ट घ्या. एक कोटी वस्तीच्या शहरात ती रोज दहा जणांच्या बाबतीत घडणार, आणि ते दहाही जण ती आयुष्यभर सांगत राहणार. हा हिशेब बरोबर आहे, पण नवरा गेलेल्या बाईला तो ऐकवण्यात काही अर्थ नाही.

आता एक मानतो आणि दुसरा मानत नाही, याकडे येते. पहिला मोह असतो बुद्धीवर बोट ठेवण्याचा: शिकलेले मानत नाहीत, अडाणी मानतात. हे सोडूनच द्या. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी नैसर्गिक निवडीचा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला, १८५८ मध्ये लंडनमध्ये दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. पुढे वॉलेस मृतात्म्यांशी संवादावर ठाम विश्वास ठेवणारा झाला, डार्विनला त्यात काडीचं तथ्य दिसलं नाही. थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारा विल्यम क्रूक्सही वॉलेसच्याच बाजूचा. हुशार माणूस विश्वास ठेवतो तेव्हा त्याचा विश्वास मोडणं उलट जास्त कठीण, कारण बचावासाठी त्याच्याकडे युक्तिवादही जास्त असतात.

मला या बाबतीत सगळ्यात बोलकी वाटते ती आर्थर कॉनन डॉयल आणि हॅरी हूडिनी यांची मैत्री. डॉयल म्हणजे शेरलॉक होम्सचा जनक, आणि हूडिनी बेड्या-पेट्यांतून सुटून दाखवणारा जादूगार. अंदाज करायला सांगितला तर कुणीही म्हणेल, तर्कानं चालणारा लेखक संशयी आणि जादूगार भोळा. होतं नेमकं उलट. डॉयलनं मृतात्म्यांच्या संवादाचा प्रचार करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. मुलगा गेल्याच्या दुःखानं तो या नादी लागला असं सर्रास सांगितलं जातं, पण मुलगा १९१८ मध्ये गेला आणि डॉयलनं आपला विश्वास त्याच्या दोन वर्षं आधीच जाहीर केला होता. दुःख विश्वासाला बळ देतं, पण दरवेळी तोच उगम नसतो. हूडिनीचंही दुःख लहान नव्हतं. १९१३ मध्ये त्याची आई गेली, तो धक्का त्याला कधीच पचला नाही, आणि तिच्याशी बोलता आलं तर त्याला ते हवंच होतं. १९२२ च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीत डॉयलच्या पत्नीनं हूडिनीसमोर बसून, त्याच्या आईचा आत्मा हात चालवतोय असं मानून, पानामागून पानं लिहिली. मजकूर मायेचा होता. पण तो इंग्रजीत होता, आणि हूडिनीच्या आईला इंग्रजी जेमतेमच येई. पहिल्या पानाच्या माथ्यावर क्रूस काढलेला होता, आणि ती होती एका ज्यू धर्मगुरूची पत्नी. डॉयल दांपत्य त्या खोलीतून भारावून बाहेर पडलं. हूडिनी निराश होऊन. पुढे दोघांची मैत्री जाहीर भांडणात संपली.

खोली एक, कागद तेच, आणि मनात दुःख दोघांच्याही. फरक कशानं पडला? हूडिनीनं उमेदवारीच्या काळात पोटासाठी स्वतः असले खोटे प्रयोग केले होते. पडद्यामागं काय चालतं ते त्याला हातानं ठाऊक होतं. शिवाय त्याच्याकडे पडताळून पाहायला एक नेमकी आई होती, तिच्या भाषेसकट, तिच्या धर्मासकट. डॉयलला ती भेट घडवून आणायची होती; ती घडली असं त्याला दिसलं. आणि गंमत अशी की आपण युक्तीनंच सुटतो असं हूडिनी सांगे, तरी डॉयलचं मत होतं की हूडिनीकडेच अलौकिक शक्ती आहे आणि तो ती लपवतोय. हूडिनी परोपरीनं नाही म्हणाला. उपयोग झाला नाही.

यापलीकडे स्वभावाचाही भाग असतो. काहींना पहिली चाहूल पुरते. काही जण तिथे थांबून "दुसरं काय असू शकेल" असं स्वतःला विचारतात. काही माणसं अनुभवात चटकन बुडून जाणारी असतात, कल्पनेत रमणारी. त्यांना असे अनुभव मुळातच जास्त येतात. लहानपणी घरात काय ऐकलं, त्याचाही वाटा असतोच. आणि परिस्थिती हातात किती आहे, हे फार मोजलं जात नाही पण महत्त्वाचं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिलेल्या मालिनोवस्की या मानववंशशास्त्रज्ञानं नोंदवलं आहे की तिथले कोळी आतल्या शांत खाडीत मासे मारायला जाताना मंत्रतंत्र करत नसत, कारण तिथे मासे हमखास मिळत. मोकळ्या समुद्रावर, जिथे मिळकतीचा भरवसा नाही आणि जिवाला धोका, तिथे मात्र विधींवर विधी. माणसं तीच, फक्त पाणी वेगळं. तुमची आई सध्या मोकळ्या समुद्रावर आहे. भाऊसुद्धा आहे, बरं का. फक्त त्यानं आपला मंत्र विज्ञानाच्या पुस्तकातून घेतलाय.

कारण त्याच्या इन्फ्रासाउंडचंच बघा. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या विक टँडी या इंजिनिअरनं लिहिलं, की तो काम करायचा त्या प्रयोगशाळेत अस्वस्थ वाटणं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून करडी आकृती दिसणं, या सगळ्याचं मूळ एका पंख्यानं निर्माण होणाऱ्या १९ हर्ट्झच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरीत असावं. कल्पना झकास होती, जगभर पसरली. नंतर लंडनमध्ये क्रिस फ्रेंच या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम एक खोली बांधली, तीत कधी अशा लहरी सोडल्या, कधी विद्युतचुंबकीय क्षेत्र, कधी काहीच नाही. खोलीत गेलेल्या बऱ्याच जणांना चित्रविचित्र जाणवलं, पण लहरी चालू आहेत की बंद यानं काही फरक पडला नाही. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इथे काहीतरी जाणवू शकतं असं आधी सांगितलं होतं, तेवढंच बहुतेकांना पुरलं असावं. तुमच्या भावानं कुठेतरी ऐकलेलं स्पष्टीकरण आवडलं म्हणून उचललं, तपासलं नाही. आईनंही तेच केलंय. फरक इतकाच, की त्याचं स्पष्टीकरण ऐकायला जास्त भारदस्त आहे. त्याला खरोखर इंजिनिअरगिरी करायचीच असेल तर घरात गॅसवर चालणारा गीझर किंवा हीटर आहे का आणि हवा नीट खेळते का, ते बघू दे. कार्बन मोनॉक्साइडनं डोकं दुखणं, छातीत दडपण, भास हे सगळं होऊ शकतं. १९२१ मध्ये एका अमेरिकी नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात झपाटलेल्या मानल्या गेलेल्या घराची अशी एक हकिगत छापून आली होती. दोष घर गरम ठेवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीचा निघाला.

म्हणून बाजू घेण्याचा प्रश्न बाजूला ठेवा. भावाला एकट्याला गाठा आणि पहाटेचा तुमचा प्रसंग त्याला सांगा. तुम्हाला भूत पटत नाही हे त्याला माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकल्यावर शहाण्या माणसालाही असं दिसू शकतं हे त्याला मान्य करावं लागेल. मग त्याला एकच विनंती करा: आई सांगायला लागली की "पण" म्हणायचं नाही. खोकला कसा होता, कोरडा की बाबांचा सकाळचा, एवढं विचारायचं. याला तो ढोंग म्हणेल. ढोंग नाही ते, कारण तो आईला "बाबा आले होते" असं कुठेच म्हणत नाहीये. तो फक्त बाबांबद्दल बोलतोय, आणि माझा अंदाज आहे की गेल्या आठ महिन्यांत त्यानं ते फारसं केलेलं नाही. आईनं तुम्हाला सरळच विचारलं, "तुला पटतं का?" तर खोटं बोलू नका. "मला पटत नाही, पण तुला जाणवतं यावर माझा विश्वास आहे," एवढं म्हणा. तिला ते पुरेल असं मला वाटतं. नाही पुरलं तर थोडी चिडेल, बस.

राहिल्या त्या बाई. त्या लबाडच असतील असं मी गृहीत धरत नाही. १८५३ मध्ये टेबल आपोआप फिरवण्याची साथ आली होती, तेव्हा मायकेल फॅरडेनं बसणाऱ्यांचे हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे सरकणारे थर घालून दाखवलं की टेबलाच्या आधी हातच सरकतात. बसलेली माणसं प्रामाणिक होती, आपणच ढकलतोय हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. पण प्रामाणिक असण्यानं सांगणं खरं ठरत नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. पाचपैकी सरासरी ४.२६ इतके गुण देऊन मुलं म्हणाली, अगदी बरोबर. सगळ्यांना एकच कागद दिला होता. "त्यांना तुमची काळजी वाटते", "एक गोष्ट बोलायची राहून गेली" ही वाक्यं कुठल्या विधवेला लागू पडणार नाहीत?

जाऊ नको म्हणालात तर आई तुमच्या नकळत जाईल. त्यापेक्षा सोबत जा. आधी बाबांबद्दल काहीही सांगू नका, आणि आईलाही विनंती करा की त्यांनी विचारलं तर हो-नाही इतकंच म्हणायचं. त्या काय काय म्हणतात ते सगळं लिहून घ्या, चुकलेलंसुद्धा. घरी येऊन आईबरोबर शांतपणे वाचा आणि टिप्पणी करू नका. हूडिनीसारखी तिलाही एका नेमक्या माणसाची खडान्‌खडा माहिती आहे, तिचं तिला दिसू दे. नाही दिसलं, आणि महिन्यातून एकदा तासभर बसून तिला बरं वाटत असेल, तर परवडेल इतका खर्च मी तरी सोडून देईन. रक्कम मात्र आधीच ठरवा आणि ती वाढू देऊ नका. पुढच्या बैठकीशिवाय बाबांना शांती नाही असं त्या म्हणाल्या, दागिने किंवा घराच्या कागदांचा विषय निघाला, किंवा आईची औषधं बंद करायला सांगितलं, तर त्याच दिवशी हे थांबवा आणि भावाला सोबत घ्या. त्या दिवशी त्याला हवं तेवढं चिडू द्या.